उमेदवाराची उमेद

(मंडळाच्या गडचांदूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक प्राथमिक शिक्षक. सारा जन्म खडू-फळ्यात गेला. कारखान्याच्या फाटकाच्या आत पाऊल टाकले ते मुलांची सहल घेऊन, तेवढेच. अशा माणसाने ‘नोकरीतील तरुणांना कसे वागवावे व त्यांना कामात कसे पुढे न्यावे’ या विषयावर बोलणे म्हणजे धारिष्ट्यच होय. परंतु चिटणीस म्हणाले, “गुरुजी, आज जे साहेब आहेत ते तुमचेच विद्यार्थी आणि जे त्यांच्या हाताखाली आहेत तेही तुमचेच. दोघांनाही कान धरून सांगेल असा दुसरा कोण आहे?” या बोलण्यावर मला उत्तर सुचले नाही. म्हणून आपणांपुढे उभा आहे.

आपला समाज मूळचा शेतीवर जगणारा. कापूस, ज्वारी, तूर हे आपले धन. परंतु या काळ्या मातीखाली चुनखडीचा दगड होता आणि राजुरा-बल्लारपूरकडे कोळसा होता. १९८० च्या दशकापासून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. कोणाच्या जमिनी गेल्या, कोणाच्या घरी त्या बदल्यात नोकरी आली. जे तरुण त्या वेळी प्रथम कारखान्यात शिरले, ते आता पर्यवेक्षक झाले, फोरमन झाले, काही अधिकारीही झाले. पुष्कळ निवृत्त झाले, उरलेले निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या हाताखाली आता आपलीच मुले, पुतणे, भाचे येत आहेत. कोणी आय. टी. आय. करून, कोणी पदविका घेऊन आणि बरेचसे ठेकेदाराच्या हजेरीपटावर.

कोणत्याही लग्नाच्या मांडवात जा, दोन तक्रारी ऐकू येतात. एका ओळीत बसलेले वडील म्हणतात, “आजची पोरे टिकत नाहीत. शब्द खपवून घेत नाहीत. दोन महिन्यांत पुण्याची वाट धरतात.” समोरच्या ओळीत बसलेले तरुण म्हणतात, “आमचे ऐकून घेणारे कोणी नाही.” पंगत एकच, वाढपीही तेच, परंतु या दोन ओळींचा आपसांत संवाद नाही. आजचा माझा विषय हाच आहे.

एक घडलेली गोष्ट सांगतो. नावे व कारखाना सांगणार नाही. माझा एक विद्यार्थी फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून एका कारखान्यात लागला. एके दिवशी रात्रपाळीत त्याला माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या एका बेअरिंगचा आवाज वेगळा वाटला. हात जवळ नेला तर धग लागली. त्याने जाऊन आपल्या पर्यवेक्षकांस सांगितले. चार माणसांसमोर त्याला उत्तर मिळाले, “काल आला तू, अन् आज आम्हाले शिकवतं का?” मुलगा खाली मान घालून परत गेला. पहाटे ते बेअरिंग धरले, पट्टा थांबला, काम खोळंबले. आणि चौकशीचा कागद आला तो त्या मुलाच्याच नावाने. महिनाभरात त्याने नोकरी सोडली.

तो मला भेटावयास आला तेव्हा मी विचारले, “बाळ, काम जड होते काय?” तो म्हणाला, “काम जड नव्हतं जी, गुरुजी. पण मी तिथं हाय का नाही, याचं कोनाले काहीच नव्हतं.”

सभ्य गृहस्थहो, या गोष्टीतील मला टोचणारा भाग पुढेच आहे. तो पर्यवेक्षकही माझाच विद्यार्थी. वीस वर्षांच्या अंतराने दोघेही माझ्याच शाळेत मुळाक्षरे शिकले. तो पर्यवेक्षक दुष्ट मनुष्य नव्हे. अंगातील ताप न दाखवता पाळी भरणारा, सणावारीसुद्धा कामावर जाणारा असा तो गृहस्थ आहे. मग त्याच्या तोंडून ते शब्द का निघाले? विचार करता मला असे दिसले की, लहानपणी वर्गात त्याने एखादी शंका विचारली की आम्ही गुरुजी हेच म्हणत होतो: “गप्प बैस, मोठा शहाणा लागून गेलास!” त्याने आमचा धडा चांगला पाठ केला आणि पुढच्या पिढीला तोच घालून दिला.

आपल्या भाषेत शिकाऊ माणसाला एक सुंदर शब्द आहे: उमेदवार. पूर्वी कचेरीत असो की छापखान्यात, नवा मुलगा लागला की ‘तो तेथे उमेदवारी करतो’ असे म्हणत. पुढे निवडणुकांमुळे या शब्दाचा अर्थ लोक निराळाच समजू लागले आणि कारखान्यात तर आता सारेच ‘ट्रेनी’ म्हणतात. परंतु जुना शब्द काय सांगतो ते पाहा. ज्याच्यापाशी उमेद आहे, तो उमेदवार. त्याच्यापाशी अनुभव नाही, पत नाही, पैसा नाही. असलेच तर एवढे एकच भांडवल आहे. ते भांडवल पहिल्या वर्षातच ज्याने मातीत घालविले, त्या वडीलधाऱ्याने त्या मुलाचे तर नुकसान केलेच, परंतु आपल्या धन्याचेही केले.

यावर वडील मंडळींचे उत्तर मला ठाऊक आहे. “गुरुजी, आम्हाला कोणी विचारले होते? आम्ही सोसले, म्हणून आज या जागी आलो.” हे म्हणणे खरे आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. ज्यांनी जमीन गेल्याचे दुःख गिळून धुळीत पाळ्या केल्या, त्यांच्या सोसण्यावरच आपल्या समाजाची पक्की घरे आणि मुलींची शिक्षणे उभी आहेत. परंतु एक प्रश्न विनयाने विचारतो. आपण मोठे झालो ते अपमान सोसल्यामुळे, की अपमान सोसूनही? ज्या सुनेला सासुरवास झाला, तिनेही आपल्या सुनेस तोच द्यावा, असे आज आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. मग कामाच्या ठिकाणी तो न्याय का चालवावा?

तरुण कामगार टिकत नाही ही तक्रार काही आजची नव्हे. आपल्या विदर्भातच ती जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची आहे. जमशेटजी टाटांनी नागपुरास एम्प्रेस गिरणी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. कापूस हाताशी, रेल्वे हाताशी आणि आपल्या वरोऱ्याचा कोळसाही फार दूर नाही, असा विचार करून त्यांनी नागपूर निवडले होते. गिरणी चालू झाली, पण माणसे टिकेनात. टाटांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे की, कोणत्याही दिवशी शंभरांतील वीसेक मजूर गैरहजर असत. आजचा व्यवस्थापक काय करील? दंड लावील, नोटीस काढील, फाटकावर अंगठ्याचे यंत्र बसवील.

त्या गिरणीचे व्यवस्थापक होते बेझनजी दादाभाई मेहता. हे गृहस्थ पूर्वी रेल्वेच्या नोकरीत होते, कापडाच्या धंद्यातले नव्हते. जमशेटजींनी ज्ञान पाहून नव्हे, तर माणूस पाहून त्यांना निवडले, हीदेखील ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे. या दोघांनी दंडाची वाट धरली नाही. मजुरास म्हातारपणाची चिंता राहू नये म्हणून १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला. काम करताना इजा झाली तर भरपाई देण्याची पद्धत १८९५ मध्ये घातली; सरकारचा तसा कायदा त्यानंतर २८ वर्षांनी, म्हणजे १९२३ साली झाला. गिरणीत हवा खेळती व ओलसर राहावी आणि आगीपासून रक्षण व्हावे म्हणून नवी यंत्रे बसविली. मजुरांच्या कुटुंबांसह खेळांचे दिवस भरवून सोन्याच्या साखळ्या, घड्याळे, कापड अशी बक्षिसे वाटली. आणि शिकलेल्या तरुणांना पगार देऊन उमेदवार म्हणून गिरणीत घेतले, की त्यांनी धंदा मुळापासून शिकावा.

ती गिरणी पुढे शंभरांहून अधिक वर्षे चालली. कालांतराने ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद झाली. त्या साऱ्या काळात तेथील कामगारांचे दिवस सुखाचेच होते असे मी म्हणत नाही. त्यांनी लढेही दिले. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, माणसे का येत नाहीत हा प्रश्न पडल्यावर ‘माणसे वाईट’ असे उत्तर न देता ‘आपण त्यांना काय देतो?’ असे उलट आपल्यालाच विचारणारे लोक याच मुलखात होऊन गेले.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांची हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावास येऊन सायकलींचे दुकान चालविले. पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात, तरी त्यांनी धीर सोडला नाही. १९१० साली औंधच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

तेथे त्यांनी जमविलेली माणसे पाहावीत. अनंतराव फळणीकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले. ते तेथे कल्पक यंत्रज्ञ ठरले. के. के. कुलकर्णी शाळेत अपयशी ठरलेले. त्यांनी कारखान्याचे व्यवहार सांभाळले. दरोड्याची शिक्षा भोगलेला तुकाराम रामोशी त्या वसाहतीचा विश्वासू रखवालदार झाला. ज्याची स्वतःची योग्यता कोणी ओळखली नाही, त्याने दुसऱ्यांची योग्यता ओळखण्यात जन्म घालविला. आपणही सोसले आणि त्यांनीही सोसले. फरक एवढाच की त्यांनी ते सोसणे पुढच्या माणसाच्या खांद्यावर टाकले नाही. माझ्या सांगण्याचे सार येथेच आहे.

आणि दूर सांगलीकडे कशाला जावे? आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात ३९ खेड्यांत एक प्रयोग केला. गावातीलच, जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना त्यांनी नवजात बाळाचे वजन करणे, त्याचा श्वास व ताप पाहणे, जंतुसंसर्ग ओळखणे, इतकेच नव्हे तर इंजेक्शन देणेही शिकविले. जे काम मोठ्या रुग्णालयाचे समजले जाई, ते खेड्यातल्या बाईच्या हाती सोपविले. तीन वर्षांत त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू, शेजारच्या गावांशी तुलना करता, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या भगिनींना नुसते ‘विश्वास आहे हो तुमच्यावर’ असे म्हटले असते तर एकही बाळ वाचले नसते; आणि नुसते शिकवून हातात काहीच दिले नसते तरीही वाचले नसते. आधी नीट शिकविले, मग खरे काम सोपविले, आणि नंतर वेळोवेळी जाऊन पाहिले. तरुणांना पुढे नेण्याची याहून वेगळी युक्ती मला माहीत नाही.

आता दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी माझीच एक चूक आपणांपुढे ठेवणे मला प्राप्त आहे. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत एक तरुण शिक्षणसेवक आला. त्या वेळी प्राथमिकच्या शिक्षणसेवकास दरमहा ३,००० रुपये मानधन मिळे आणि तीन वर्षे तसे काढावी लागत. एवढ्या पैशांत खोलीचे भाडे देऊन हा मुलगा रविवारी जंगलात जाई आणि बांबूच्या काड्या, पळसाच्या शेंगा, निरनिराळ्या बिया घेऊन येई. त्यांवरून मुलांना गणित शिकवावे, धुरा मोजावयास त्यांना शेतात न्यावे, अशी त्याची इच्छा. त्याने माझी परवानगी मागितली. तपासणी जवळ आली होती, नोंदवह्या अपुऱ्या होत्या. मी मुलांच्या देखत म्हणालो, “ही खुळे सोडा आणि आधी पाठटाचण लिहा.”

त्याने पाठटाचण लिहिले. पुढे अडीच वर्षे तो सांगितले तेवढेच करीत राहिला. वेळेवर येई, वेळेवर जाई. मला वाटले, आता कसा सरळ झाला! त्याची बदली झाली तेव्हा शाल-श्रीफळ दिले, त्याने वाकून नमस्कार केला, आणि गेला. काही महिन्यांनी शाळेचे कपाट आवरताना तळाशी एक खोके सापडले. त्यात दहा-दहाच्या जुड्या बांधलेल्या काड्या होत्या, बिया डकवलेले अंकांचे पुठ्ठे होते, आणि प्रत्येकावर सुंदर अक्षरात मुलांची नावे होती. एकही वापरलेले नव्हते. ते खोके मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. ज्याला मी शिस्त समजत होतो, ती त्या मुलाची विझलेली उमेद होती.

त्यानंतर आलेल्या एका तरुण शिक्षिकेला मी ते खोके दिले आणि विचारले, “ताई, याचे काय करता येईल?” मी तिला केवळ एवढेच विचारले. तिने मुलांना आठवडी बाजारात नेऊन वजने-मापे शिकविली. तिच्या हातूनही चुका झाल्या. त्या मी दार लावून, एकट्यात सांगितल्या. परंतु पहिल्या मुलाचे ते ऋण तसेच राहिले. त्याची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही.

यास्तव वडील मंडळींना माझी चार सांगणी आहेत. नवा मुलगा येईल त्या दिवशी त्याचे नाव, गाव आणि त्याला काय येते, हे आपणहून विचारावे. काम सांगताना ते कशासाठी, हेही सांगावे. कारण ‘का’ कळलेला मनुष्य धनी नसतानाही काम नीट करतो. चूक एकट्यात सांगावी, कौतुक चौघांत करावे. आपण बहुधा याच्या उलट करतो. आणि त्याने धोक्याची सूचना दिली तर ती चुकीची ठरली तरी चालेल, पण उठून एकदा जाऊन पाहावे. दहा वेळा व्यर्थ चालावे लागेल. अकराव्या वेळी कदाचित कोणाचा तरी हात वाचेल, जीव वाचेल. यंत्राच्या जागी ही केवळ सौजन्याची बाब राहत नाही.

आणखी एक. आजकाल रात्री साडेदहाला मोबाईलवर हुकूम येतात आणि निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही तर सकाळी जाब विचारला जातो. आपल्या काळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मनुष्य घरचा होई. ते सुख आपण भोगले. पोरांनाही थोडे भोगू द्यावे.

तरुण मित्रहो, आता तुमच्याकडे वळतो, नाही तर गुरुजींनी पक्षपात केला असे वडील म्हणतील. मान मिळावा ही तुमची अपेक्षा रास्त आहे, परंतु मानाबरोबर कामाची कसोटीही येते. आवाजावरून यंत्राचा आजार ओळखणारे जुने मिस्त्री आज निवृत्त होत आहेत. ती विद्या कोणत्याही पुस्तकात नाही आणि तुमच्या मोबाईलमध्येही नाही. ती त्यांच्या कानांत आहे. त्यांच्याजवळ बसा, चहा घ्या, विचारा. एका कठोर शब्दावर नोकरी सोडण्यापूर्वी तो शब्द बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर किती रात्रपाळ्यांची झोप आहे, तेही पाहा. आणि अन्याय खरोखरच होत असेल तर रुसून न जाता लेखी सांगा; त्यासाठी संघटना आहेत, कायदे आहेत. पुण्याला जावयाचे असेल तर खुशाल जा, परंतु पळून जाऊ नका, शिकून जा. आणि एक दिवस तुमच्याही हाताखाली कोणी तरी येईल, त्या दिवसासाठी आजचे दुःख लक्षात ठेवा. सूड म्हणून नव्हे, आठवण म्हणून.

शेवटी मंडळास एक विनंती. आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, ते योग्यच आहे. त्याच मांडवात आणखी एक गोष्ट करावी. वर्षातून दोन रविवार निवृत्त व कार्यरत फोरमन, मिस्त्री, परिचारिका, लिपिक यांनी एका बाजूस आणि नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुला-मुलींनी दुसऱ्या बाजूस बसावे. खर्च सतरंजीचा आणि चहाचा. अर्धा वेळ वडिलांनी बोलावे, अर्धा वेळ मुलांनी. आणि मुले बोलत असताना मध्येच ‘आमच्या वेळी’ असे म्हणणाऱ्याने मंडळाच्या पेटीत अकरा रुपये टाकावेत. पहिले अकरा रुपये बहुधा माझेच पडतील.

ज्या दोन विद्यार्थ्यांची गोष्ट मी सांगितली, ते दोघेही आपल्यातलेच आहेत. धाकटा आज परगावी आहे. थोरला कदाचित या मांडवात बसलाही असेल. त्याने आपली मान खाली घालू नये. तो धडा त्याला आम्ही दिला होता. चुकीचा धडा फळ्यावरून पुसणे हे गुरुजींचेच काम, आणि तेच मी आज केले आहे. आता नवा धडा लिहिणे त्याच्या हाती आहे. त्याच्या पाळीत उद्या जो उमेदवार येईल, त्याच्यापासून त्याने आरंभ करावा.